पाचपैकी पाच, तरी बाहेर

परवा रविवारी दुपारी कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉलची यादी लागली. चार कॉलेजांची नावं, प्रत्येकापुढे एक ते चारमधला आकडा आणि खाली नेहमीची ओळ : समितीचा निर्णय अंतिम राहील. त्या यादीशी आता माझा काडीचाही संबंध नाही. माझी मुलगी रेवा कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं होत आली. ती इथे आयर्लंडमध्येच, टॅलाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी करते. तरीही जानेवारी आला की मी ती यादी फोनवर शोधतो, चष्मा लावून वाचतो आणि चिडतो. बायको, मधुरा, विचारते, "बीपीची गोळी वाढवायची का?" ती डॉक्टर आहे, त्यामुळे हा विनोद की सल्ला हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही.

मलिंगारच्या जानेवारीला ओल्या गवताचा वास असतो. त्यात मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा झणझणीत वास मिसळला की तो फुटबॉलचा जानेवारी. आमच्या घरात त्या दिवसांत रेडिएटरखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं आणि त्यावर पालथे बूट. बुटांच्या तळाची माती सुकून खपल्या पडायच्या, त्यात गवताची पाती अडकलेली. वॉशिंग मशीन उघडलं की तळाशी मूठभर माती. मैदानावर सकाळी अकराला उजाडल्यासारखं वाटावं, तर चारला मावळतीला लागावं. पाऊस जोरात कधी पडायचा नाही, पण थांबायचाही नाही. कडेला उभी असलेली माणसं खांदे वर करून, हात खिशात घालून उभी. गोलच्या खांबांशी पांढरे कोट घातलेले दोन अंपायर, दवाखान्यातून थेट आल्यासारखे. चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक गुण आणि पांढरं निशाण. दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण, आणि हिरवं निशाण. आयर्लंडच्या या फुटबॉलमध्ये हातही चालतो आणि पायही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे लोक नियम विसरलेत.

फुटबॉल मला नवा नव्हता. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेचा संघ असतो आणि सामन्याच्या दिवशी दुकानदार गल्ल्यावर बायकोला बसवून मैदान गाठतो. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, पेठेच्या स्पर्धेचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. त्यांचं बोट धरून मी सामने पाहिले. पुढे शिवणकामाचा छोटा कारखाना काढला. मग मधुराला मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्यामागून तिच्या व्हिसावर मी आणि नऊ वर्षांची रेवा इथे आलो. आता एका गल्लीत माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. शाळेच्या पँटी आखूड करतो, चेन बदलतो, चर्चमधल्या समारंभांचे पांढरे फ्रॉक बसते करतो. रेवाच्या कॉलेजच्या मुलींच्या जर्सीवरचे नंबर उसवले की ते गठ्ठ्यानं माझ्याकडे यायचे. सगळ्या नंबरांचे टाके मी घातलेले. त्यामुळे मैदानात पंधरा मुली धावायला लागल्या की मला त्या पाठमोऱ्या ओळखू यायच्या.

रेवाचं कॉलेज लहान, आमच्यापासून पाऊण तासावर. तिथं मुलींचा संघ उभा राहतो हेच लोकांना कौतुकाचं वाटायचं. रेवा तीन वर्षं त्या संघात होती म्हणजे तीन वर्षं कडेच्या बाकावर होती. सरावाला पहिली, सामन्यात शेवटची. मी कधी विचारलं तर म्हणायची, "इट्स ग्रँड, बाबा," म्हणजे इथल्या बोलीत, छान चाललंय. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेलाच्या इंग्रजीत. मी ते इथे मराठीत लिहितो आहे, तिनं वाचलं तर हसेल.

तिचं शेवटचं वर्ष होतं त्या हिवाळ्यात आबा तीन महिन्यांसाठी आले. नोव्हेंबर संपता संपता. आल्याच्या तिसऱ्या दिवशी माकडटोपी, मफलर आणि माझा गुडघ्याखाली जाणारा कोट अशा थाटात मैदानाच्या कडेला उभे राहिले. शेजारी ब्रीडा, मुलींची कोच. साठीची, रेनकोटातली, बुटक्या बांध्याची बाई. आठवड्याचे पाच दिवस भूगोल शिकवायची आणि उरलेले दोन दिवस ओरडायची. आबा तिच्याशी कोल्हापुरीत बोलायचे, ती त्यांच्याशी मिडलंड्सच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या गावरान इंग्रजीत. "आरं, ती डाव्या अंगाला मोकळी हाय की!" असं आबांनी हात नाचवून म्हटलं की ब्रीडा तिकडे बघून तेच ओरडायची. दोघांना एकमेकांचा एकही शब्द कळत नसेल, पण भांडणही कधी झालं नाही.

त्या वर्षी मुली जिंकत सुटल्या. दहा कॉलेजांची लीग. प्रत्येकाच्या वाट्याला पाच सामने. पहिले चार आम्ही जिंकले, आणि ते मुख्यतः ईफाच्या जोरावर. ईफा शेतकऱ्याची मुलगी, लाल केसांची, पायात चेंडू आला की तो तिचाच. चार सामन्यांतले निम्म्याहून जास्त गुण तिचे. डिसेंबरातला पाचवा सामना गेल्या वर्षीच्या उपविजेत्यांशी होता. शेवटची दहा मिनिटं राहिली, गुण बरोबरीत, आणि ईफा वळताना पडली. कुणी धक्का दिला नव्हता. पाय जमिनीत राहिला आणि ती वळली. माझ्याशेजारी मधुरा होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "लिगामेंट गेलं." मैदानावरून ईफाचा आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही.

ब्रीडानं बाकाकडे पाहिलं आणि रेवाकडे बोट केलं.

पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन मी बाप म्हणून करू नये. एवढंच सांगतो की रेवानं दोन गुण मारले. पहिला सोपा होता. दुसरा, वारा समोरून, दोन मुली अंगावर, पाय घसरतोय, आणि चेंडू दांडीवरून असा गेला की पांढऱ्या कोटातला म्हातारा निशाण उचलायच्या आधी क्षणभर नुसता बघत राहिला. मधल्या वेळात त्यांनी एक गुण काढला. आम्ही एका गुणानं जिंकलो. पाचपैकी पाच. आबांनी ब्रीडाला मिठी मारली आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन मफलर सारखा करत बसले.

परीक्षा झाल्या, ख्रिसमस गेला. जानेवारीतल्या एका रविवारी चार संघांची यादी लागायची होती. आधी सरळ हिशेब असायचा : गुणतक्त्यातले पहिले चार उपांत्य फेरीत. त्या वर्षापासून पाच जणांची निवड समिती नेमली होती. ती चार संघ निवडणार आणि त्यांना मानांकनही देणार. पहिल्या आणि दुसऱ्या मानांकनाला घरच्या मैदानावर सामना. आमची चर्चा पहिलं मानांकन मिळतं की दुसरं एवढ्यापुरतीच. मी पंचवीस जणींसाठी बटाटेवडे तळून नेले होते. कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या जमल्या होत्या. ईफा कुबड्या घेऊन, पाय खुर्चीवर ठेवून बसलेली. ब्रीडाच्या फोनवर यादी आली. तिनं ती मनात वाचली. परत वाचली. मग म्हणाली, "आपण नाही."

कुणाला कळेचना. कुणीतरी हसलं. ब्रीडानं खालचा मजकूर मोठ्यानं वाचला. मुख्य आक्रमक खेळाडूच्या दुखापतीमुळे हा संघ आता पूर्वीच्या ताकदीचा राहिलेला नाही, आणि उपांत्य फेरीचा दर्जा राखणं ही समितीची जबाबदारी आहे. चौथ्या नंबरावर ज्यांना घेतलं होतं ते मोठं कॉलेज दोन सामने हरलेलं होतं. त्यातला एक आमच्याशी, सात गुणांनी.

पण त्या क्षणी मला चीड आली ती त्यापायी नव्हे. हॉलमधल्या पंचवीस मुलींपैकी एकीनंही रेवाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी नजरा टाळल्या. चांगल्या मुली त्या, मायेच्या. पण त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. ईफा नाही, म्हणजे तिच्या जागी रेवा. आणि रेवा आहे, म्हणजे संघ लायक नाही. पाच अनोळखी माणसांनी एका खोलीत बसून माझ्या मुलीची किंमत ठरवली होती, आणि तिचं नावसुद्धा न घेता.

ईफा रडायला लागली. "माझ्यामुळे झालं," म्हणाली. रेवा उठली, वड्यांचा डबा घेऊन तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "गप, ईफा. वडा खा." दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाली, "बाबा, मैदानावर सोडतोस?" मी दुकान बंद करून गेलो. ती एकटी चेंडू मारत होती आणि मी दांडीच्या मागे उभा राहून आणून देत होतो. मैदानाच्या कडेच्या काट्यांच्या झुडपांत चेंडू जायचा, माझे हात ओरबाडले. तासभरात आम्ही बोललो एवढंच :

"बाबा, मी वाईट खेळले होते का?"

"नाही."

"मग ठीक आहे."

ठीक नव्हतं. मी तेव्हापासून यावर विचार करतो आहे आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबतो. पाच शहाण्या माणसांना कोण चांगलं हे बसल्या जागी कळतं, तर मुलींना पावसात पळवायचं कशाला? ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्या चिखलात लोळल्या, दात पाडून घेतले, गुडघे फोडून घेतले, ते काय समितीला जेवणानंतर चघळायला बडीशेप म्हणून? गुणतक्ता क्रूर असतो, पण तो तुमचं तोंड बघत नाही. पाच लिहिलं की पाच. समितीला मात्र पाचाच्या पुढे "पण" लिहिता येतं. हे "पण" मोठ्या कॉलेजांच्या वाट्याला कधी येत नाही, हे मी तीन वर्षांच्या याद्या वाचून सांगू शकतो. त्यांची हार ही दमदार हार असते. आमचा विजय हा नशिबाचा विजय.

ब्रीडानं अपील केलं. तीन जणांना बोलावलं होतं : कोच, पालकांचा प्रतिनिधी आणि कॉलेजचा एक अधिकारी. अधिकाऱ्याला नेमका ताप आला. म्हणून त्या शनिवारी सकाळी ब्रीडा, मी आणि, घरी एकटे बसायला तयार नव्हते म्हणून, आबा असे तासाभरावरच्या ब्लँचर्डस्टाउनला गेलो. शॉपिंग सेंटरजवळच्या एका हॉटेलातली मीटिंगची खोली. लांब टेबल, पाण्याचे जग, बशीत बिस्किटं. समितीचे पाच जण पलीकडे. अध्यक्ष उंच, पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य. रस्ता कसा होता, चहा घेणार का, वडिलांना थंडी सोसते का, सगळं विचारलं. इथली माणसं नाही म्हणतात ती इतक्या गोड आवाजात की गाडीत जाऊन बसेपर्यंत ते नाही होतं हे लक्षात येत नाही.

ब्रीडानं मुद्दा मांडला. पाच सामने, पाच विजय, चौथ्या संघाला आम्ही हरवलेलं.

"खरं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण त्यांच्या वाट्याला जास्त कठीण सामने होते."

"सामने कुणी ठरवले?" मी विचारलं.

"समितीनं. गेल्या वर्षीच्या क्रमवारीवरून."

"म्हणजे मोठ्यांना मोठ्यांशी खेळवायचं कारण ते मोठे आहेत. आणि ते मोठे आहेत कारण ते मोठ्यांशी खेळले."

"असं अगदीच नाही," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी विचारलं, आमच्या शेवटच्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं इथे कुणी पाहिली आहेत? पाचांपैकी एका बाईनं हात थोडासा वर केला. कुणीतरी पाठवलेली क्लिप तिनं फोनवर पाहिली होती. अध्यक्ष लगेच म्हणाले, "हो हो, ती बदली खेळाडू छान खेळली. खरंच कौतुक आहे तिचं."

"तिला नाव आहे," मी म्हणालो.

"अर्थातच," ते म्हणाले आणि समोरचे कागद चाळायला लागले. पहिला कागद, दुसरा, तिसरा. मग त्यांनी कागद टेबलावर आपटून सारखे केले. नाव नव्हतं.

आबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतोय त्यो?"

मी सांगितलं. आबा उठून उभे राहिले. ऐंशीला टेकलेला माणूस, टोपी हातात घेऊन.

"त्यास्नी सांग," ते म्हणाले, "त्या पोरीचं नाव रेवा. तीन वरसं बाकावर बसली, रुसली न्हाई. दहा मिन्टं मिळाली, त्यात भ्याली न्हाई. तुमच्या कागदावर पडल्यालीचं नाव हाय. उभी ऱ्हायल्यालीचं न्हाई. असली कसली यादी?"

मी जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला. ब्रीडानं नाक पुसलं. क्लिप पाहिलेली बाई खाली बघत होती. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं, आमचे आभार मानले, आणि दारापर्यंत सोडायला आले. तिसऱ्या दिवशी दोन ओळींची ईमेल आली. अपील फेटाळलं.

पण त्या दिवशीचं खरं सांगायचं ते परतीच्या वाटेवरचं. ब्रीडा तिच्या गाडीनं गेली. आम्ही दोघं मोटरवेला लागलो. मी तोंडाला येईल ते बोलत होतो, समितीच्या सात पिढ्या काढत होतो. किल्कॉकच्या पाटीपाशी आबा म्हणाले, "मी बी असंच केलतं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

मग त्यांनी सांगितलं. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या पेठेच्या स्पर्धेत मुख्य फेरीला आठ संघ घ्यायचे होते. गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातला संघ पात्रता सामने जिंकून आला होता. अनवाणी खेळणारी पोरं. त्यांच्या गोलकीपरचा हात उसाच्या बैलगाडीवरून पडून मोडला. आबा सेक्रेटरी. बैठकीत तेच म्हणाले, गोलकीपर नाही तर हे दहा गोल खातील, लोक उठून जातील, त्यापेक्षा पात्रतेत हरलेल्या शेजारच्या पेठेला घेऊ. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी त्या संघाचा कॅप्टन, दिनकर नाव, एसटीनं आला आणि आमच्या दारात उभा राहिला. "दुसरा गोलकीपर हाय आमच्याकडं, साहेब. एकदा बघा तरी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फुडल्या वर्षी बघू."

"आणि?"

"फुडल्या वर्षी आलेच न्हाईत. संघच मोडला."

एन्फिल्ड गेलं, किनेगड गेलं. ज्याचं बोट धरून मी मैदानावर गेलो, न्याय म्हणजे काय हे ज्याच्याकडून शिकलो, तो माणूस शेजारी बसला होता आणि त्याच्या मांडीवर त्या हॉटेलातली दोन बिस्किटं रुमालात बांधलेली होती. मला त्यांचा राग आला, तो समितीपेक्षा जास्त आला. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती आजही मला सर्वांत जास्त छळते. आबांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या सभ्य अध्यक्षांच्याही मनात नव्हतं. कुणीही लाच खाल्ली नव्हती, कुणाचा भाचा संघात नव्हता. सगळ्यांनी खेळाचं भलं चिंतून, विचार करून, चहा पिऊन, एका मुलीला आणि एका दिनकरला दाराबाहेर उभं केलं होतं. चोर असता तर त्याला धरता आलं असतं.

घराच्या दाराशी मी एवढंच म्हणालो, "रेवाला हे सांगू नका."

त्यांनी त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं. रेवानं घास खाली ठेवला. मग तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आबा, तो माणूस आहे अजून?"

"असंल," आबा म्हणाले.

"मग?"

आबा ताटातला भात बोटांनी एकत्र करायला लागले.

वगळलेल्या संघांसाठी समितीनं एक वेगळी शील्ड ठेवली होती आणि मोठ्या मनानं आम्हाला त्यात पहिलं मानांकन दिलं होतं. मी म्हणालो, तोंडावर फेकून द्या ती. निम्म्या मुलींचंही तेच मत होतं. ब्रीडानं हात वर करायला लावले. खेळायच्या बाजूनं सगळ्यांत आधी हात गेला तो रेवाचा. मी घरी तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे हे एकच वर्ष आहे. चिडून घरी बसले तर तेही त्यांनीच घेतलं असं होईल."

त्या खेळल्या. रेवा पहिल्या मिनिटापासून मैदानात. अंतिम सामना आमच्या मलिंगारातच झाला, फेब्रुवारीतल्या बोचऱ्या वाऱ्यात, आणि आम्ही एका गुणानं हरलो. शेवटचा चेंडू रेवाकडे होता. दांडीला लागून परत आला. माझ्या मागे उभा असलेला एक माणूस मित्राला म्हणाला, "म्हणजे समितीचं फार चुकलं नव्हतं."

मी वळलो. मधुरानं माझी बाही धरली होती म्हणून नुसता बोललोच. मी त्याला म्हणालो, "साहेब, आम्हाला हेच हवं होतं." तो गोंधळला. पण माझं म्हणणं तेच होतं, आजही तेच आहे. त्या उपांत्य फेरीत आम्ही हरलो असतो, कदाचित वीस गुणांनी हरलो असतो. मला चालणार होतं. रेवाला चालणार होतं. चेंडू दांडीला लागून परत आला तर कुणाशी भांडायचं? ते तिचं आहे, तिच्या पायाचं, त्या वाऱ्याचं. ती रडली, आंघोळ केली, दोन ताटं आमटी-भात जेवली आणि झोपली. यादीनंतरच्या रात्री मात्र ती जेवली नव्हती. ज्यानं कमावलंय त्याला हरायचा हक्क असतो. तो त्याच्याकडून काढून घेऊन वर दया दाखवायची, हा कुठला न्याय?

चौथ्या नंबरावर घेतलेलं ते मोठं कॉलेज उपांत्य फेरीत पार धुऊन निघालं. निकाल वाचून मला आनंद झाला. क्षुद्र आनंद होता तो, पण झाला. त्या मुलींचा काही दोष नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

फेब्रुवारीअखेर आबा परत गेले. विमानतळावर ब्रीडा आली होती, त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन. मार्चमध्ये एका सकाळी, मी दुकान उघडत होतो, त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पत्र्याचं छप्पर, एक म्हैस, अंगणात माणसं.

"कुठे आहात?"

"दिनकरच्या गावाला."

चार ठिकाणी चौकशी करत, एसटी बदलत ते एकटेच गेले होते. दिनकरनं त्यांना ओळखलं. बसा म्हणाला, पाणी दिलं. कशाला आलात विचारलं. आबा म्हणाले, सांगायला आलो की तुमचा संघ चांगला हुता. घ्यायला पायजे हुता. मी चुकलो.

"मग? काय म्हणाला?"

"मला वाटलं, जाऊ द्या म्हणंल. झालं गेलं म्हणंल. न्हाई म्हणला." आबांचा आवाज बारीक झाला. "आत हाक मारली. बायकू आली, सून आली. मला म्हणला, आता ह्यांच्यासमोर म्हणा. मी म्हटलं. मग भावाला बोलावलं. तो त्यांचा दुसरा गोलकीपर. त्याच्यासमोर म्हटलं. मग शेजारच्या म्हातारीला आणली, हात मोडल्याल्या गोलकीपरची आई ती. तिला ऐकू येत न्हाई. मला वरडून म्हणावं लागलं."

"आबा..."

"चार येळा म्हणायला लावलं. बरोबर हाय त्याचं." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "चौथ्या येळी म्हणलो तवा म्हातारी काय म्हणली म्हाईतीय? म्हणली, हे आम्हास्नी ठावं हुतं."

फोन ठेवला आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मग रेवाला फोन करून सगळं सांगितलं. मी म्हणालो, "तुझ्याकडेही कुणीतरी यायला हवं. पाच जण आहेत. एक आला तरी चालेल."

"कुणी येणार नाही, बाबा."

"येईल."

"तोपर्यंत काय करणार?"

"चिडणार," मी म्हणालो, आणि दुकानाचं शटर वर केलं.